केळी पिकवणीत नेमकं कुठे चुकतं: कापणीपासून घरच्या टोपलीपर्यंत

साल पिवळीधमक आणि आत गर कच्चा, तुरट. किंवा उलटं: साल हिरवीच आणि आत लगदा. पिकवलेल्या केळीबद्दल या दोनच तक्रारी पुन्हापुन्हा येतात, आणि दोन्हींचा दोष सर्रास ‘माल खराब होता’ म्हणून शेतकऱ्याच्या माथी मारला जातो. पहिल्या प्रकारात बहुतेक वेळा कोवळा माल घाईने रंगवलेला असतो. दुसऱ्यात खोली गरम असते. जी-९, श्रीमंती, बसराई या गटातल्या केळीचं एक वैशिष्ट्य आहे. साधारण २४ अंशांच्या वर गर पिकत राहतो, पण सालीतला हिरवा रंग उतरत नाही. मग पिकवणारा म्हणतो, ‘गॅस कमी पडला’, आणि आणखी गॅस, म्हणजे केळी पिकवणारा इथिलीन वायू, देतो. कमी खरं तर थंडावा पडलेला असतो.

हा लेख मुख्यतः छोटी पिकवण खोली चालवणारे शेतकरी गट, वखारवाले आणि फळविक्रेते यांच्यासाठी आहे. नुसतं विकत घेऊन खाणाऱ्यांनी शेवटचे दोन भाग आधी वाचले तरी चालेल. खाली दिलेली तापमानं जी-९ गटाच्या केळीची आहेत. वेलची, राजेळी किंवा गोव्याकडची मोयरा यांना हेच वेळापत्रक जसंच्या तसं लावू नका. थोड्या मालावर आधी करून बघा.

आधी तयारी

माल दारात उभा राहिल्यावर थर्मामीटर शोधत बसू नये. हाताशी हवं ते असं:

- गराचं तापमान मोजणारा सुईचा थर्मामीटर. भिंतीवरचा चालणार नाही, त्याचं कारण टप्पा ४ मध्ये.
- आर्द्रता मापक.
- इथिलीन मोजण्याचं मीटर. ते नसेल तर वायू मोजून सोडता येईल असा सिलिंडर किंवा इथिलीन तयार करणारा जनरेटर.
- कार्बन डायऑक्साइडचं मीटर असेल तर उत्तम.
- घड्याळ आणि वही. वहीत गठ्ठ्याचा क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, कापणीची तारीख, गराचं तापमान, वायू सुरू आणि बंद केल्याची वेळ.

खोली हवाबंद, आतून पुसता येणारी आणि उंदीर शिरणार नाही अशी असावी. मागच्या खेपेची कुजकी केळी, साली, कागद काहीही आत राहू देऊ नका. बुरशी तिथूनच पुढच्या मालावर येते. भिंती-फरशी क्लोरीनच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. दार आतूनही उघडलं पाहिजे. ही गोष्ट कारागिराला वेगळी सांगावी लागते, नाहीतर तो बाहेरून कडी लावून मोकळा होतो.

पिकवणे हा अन्नव्यवसायच आहे. उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना आधी घ्या.

तपासा: रिकामी खोली बंद करून आत उभं राहा आणि बाहेरचे दिवे चालू ठेवा. कुठून उजेड दिसला तर तिथून वायूही जाणार.

टप्पा १: कापणी, आणि तीही एकाच वयाची

खोलीत कितीही काळजी घ्या, कोवळ्या केळीत गोडवा भरता येत नाही. घड बाहेर पडल्यापासून साधारण ९० ते ११० दिवसांत तयार होतो. थंडीत जास्त दिवस लागतात, म्हणून नुसत्या दिवसांवर विसंबू नका. केळीच्या कडा बघा: ठळक धारा गोलसर झाल्या पाहिजेत. टोकाचं वाळलेलं फूल बोट लावताच गळून पडलं, तर ती आणखी एक खूण. दूरच्या बाजारासाठी ७५ ते ८० टक्के भरलेला माल कापतात. जवळच्या बाजारासाठी थोडा अधिक भरू द्यावा.

घोटाळा होतो तो मिसळण्यात. रावेर-यावलचा असो की करमाळ्याचा, तीन बागांचा तीन वयांचा माल एका खोलीत गेला की काही फण्या चौथ्या दिवशी पिवळ्या होतात आणि काही सातव्या दिवशीही हिरव्याच असतात. मालकाला वाटतं, खोलीत वायू सगळीकडे पोचला नाही. वायू पोचलेला असतो, वय वेगळं असतं.

कापणी पहाटे किंवा सकाळी लवकर करा. घड जमिनीवर टाकू नका. केळीच्या पानांवर किंवा फोमच्या गादीवर, सावलीत ठेवा. उन्हाळ्यात जळगावकडे पारा ४२ च्या पुढे जातो. दुपारी उघड्या ट्रकमध्ये उभ्या राहिलेल्या मालाचा गर इतका तापतो की तो खाली आणण्यात पुढे पूर्ण दिवस जातो.

टप्पा २: फण्या सोडणे, चीक काढणे, धुणे

फणी धारदार, स्वच्छ सुरीने एका कापात सोडवा. ओरबाडलेल्या कापावर बुरशी लवकर चढते. कापल्यावर फणी लगेच ढिगात टाकू नका. कापलेली बाजू खाली करून चीक निथळू द्या. हा चीक सालीवर सुकला की पिकल्यावर काळे ओघळ दिसतात आणि भाव पडतो.

मग धुणे. पाणी पिण्यायोग्य हवं. चीक सुटायला तुरटी वापरतात. पाणी दुधाळ झालं की बदला. दिवसभर एकाच हौदात धुतलेला माल म्हणजे एका कुजक्या फणीची बुरशी सगळ्यांना वाटणं. धुतल्यावर सावलीत, पंख्याखाली पूर्ण निथळू द्या.

इशारा: ‘फणीचं बूड काळं पडू नये’ म्हणून फवारणीचं बुरशीनाशक अंदाजाने हौदात ओतण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. लेबलवर केळीसाठी आणि कापणीनंतरच्या वापरासाठी स्पष्ट सूचना नसेल, तर ते खाण्याच्या फळाला लावायचं नाही. इथेफॉन हे इथिलीन वायू सोडणारं रसायन. त्याच्या पाण्यात फण्या बुडवणंही नियमबाह्य आहे. ‘इथेफॉनला परवानगी आहे’ एवढंच अर्धवट ऐकून लोक बुडवतात. परवानगी आहे ती त्यापासून वायू तयार करायला, फळाला द्रावण लावायला नाही.

टप्पा ३: क्रेट भरणे आणि रचणे

जाळीदार प्लास्टिक क्रेट वापरा. फण्यांची कापलेली बाजू खाली, बाक वर. क्रेटच्या काठावर केळी येऊ देऊ नका, नाहीतर वरच्या क्रेटचं सगळं ओझं तिच्यावर येतं. चोळलेली साल आज दिसत नाही, पिवळी झाल्यावर तपकिरी पट्ट्यांनी दिसते.

भरतानाच पिकू लागलेली, चिरलेली किंवा दबलेली केळी बाहेर काढा. एक पिकलेली फणी स्वतःच इथिलीन सोडते आणि तिच्या शेजारचा माल बाकीच्यांच्या आधी चालू लागतो.

थप्प्या भिंतीपासून चार-पाच इंच दूर ठेवा. दोन रांगांत हवा फिरायला जागा सोडा. छताला क्रेट टेकवून खोली ठासून भरली की त्या खेपेला मधला माल हमखास गरम राहतो.

टप्पा ४: आधी गर थंड, मग वायू

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

पिकवण सुरू करताना गराचं तापमान १६ ते १८ अंश हवं. खोलीचं नव्हे, गराचं. एसी १८ वर लावला, भिंतीवरच्या काट्याने १८ दाखवलं आणि मालक समाधानाने जेवायला गेला. थप्पीच्या मधल्या केळीचा गर मात्र अजून २८ वर असतो. थप्पीच्या मधोमध असलेल्या क्रेटमधली एक केळी निवडा, स्वच्छ पुसलेली सुई तिच्या गाभ्यापर्यंत घाला आणि आकडा वहीत लिहा. वरची, मधली, खालची अशा तीन ठिकाणी मोजा. टोचलेली केळी विक्रीतून बाजूला काढा.

गर थंड होण्याआधीच वायू दिला तर काय होतं? इथिलीन लागताच केळीचा श्वसनवेग वाढतो आणि ती स्वतःच उष्णता सोडू लागते. आधीच गरम असलेला माल आणखी तापतो. छोट्या खोलीचा एसी त्याच्यामागे धावतो आणि हरतो. मग तीच तक्रार येते: आत लगदा, बाहेर हिरवं.

उलटी चूकही महाग पडते. ‘लवकर गार होईल’ म्हणून हवा १३ अंशांच्या खाली नेली तर सालीला थंडी बाधते. अशी केळी पिकून पिवळी होते, पण रंग मळकट, राखाडी झाक असलेला येतो आणि तो पुन्हा उजळत नाही.

तपासा: थंडी बाधल्याचा संशय असेल तर नखाने सालीचा वरचा थर हलका खरवडा. खाली तपकिरी रेषा दिसल्या तर नुकसान झालेलं आहे. असा माल वेगळा करा आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आर्द्रता या वेळी ९० ते ९५ टक्के हवी. घरगुती धाटणीचा एसी हवेतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे साल सुरकुतते, वजन घटतं आणि रंग निस्तेज येतो. फरशीवर पाणी शिंपडा, ओली गोणपाटं टांगा किंवा ह्युमिडिफायर लावा. पाणी थेट फळावर मारू नका.

टप्पा ५: इथिलीन देणे

कायद्याने परवानगी असलेली मर्यादा १०० पीपीएमपर्यंत आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग इथिलीन. ही कमाल मर्यादा आहे. त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही केळी प्रतिसाद देते. १०० पर्यंत जातात ते मुख्यतः खोलीतल्या गळतीमुळे. दुप्पट वायू दिला म्हणून केळी निम्म्या दिवसांत पिकत नाही. तापमान आणि वय हे दोनच वेग ठरवतात.

हिशेब सोपा आहे. १०० पीपीएमसाठी दर घनमीटर जागेला १०० मिलिलिटर शुद्ध इथिलीन लागतं. १० फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच खोली म्हणजे ८०० घनफूट, साधारण २२.६ घनमीटर. तिला सुमारे २.२६ लिटर शुद्ध इथिलीन पुरतं. सिलिंडरमध्ये ५ टक्के इथिलीन आणि बाकी नायट्रोजन असेल तर असं मिश्रण ४५ लिटरच्या आसपास लागेल. भरलेल्या मालाने जागा व्यापलेली असते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमीच.

वायू देण्याचे सरळ मार्ग तीन: सिलिंडर, जनरेटर, किंवा इथेफॉनच्या बंद पुड्या. पुड्या वापरत असाल तर पाकिटावर लिहिलेल्या वजनालाच लिहिलेली संख्या वापरा आणि पुडी छिद्रांच्या डबीत, फळाला टेकणार नाही अशी ठेवा. भुकटी फळावर सांडली तर ती फणी विकायची नाही.

वायू सोडला की दार बंद आणि पंखा चालू, २४ तास. ‘जरा बघतो’ म्हणून मध्ये दार उघडलं की प्रमाण बिघडतं.

इशारा: इथिलीन ज्वलनशील आहे. हवेत सुमारे २.७ टक्क्यांच्या वर ते पेट घेऊ शकतं. १०० पीपीएम म्हणजे ०.०१ टक्का, त्यामुळे नीट मोजून दिलेल्या खोलीत हा धोका फार दूर असतो. पण गळका सिलिंडर मोजमाप पाळत नाही. खोलीत किंवा दाराशी विडी, उदबत्ती, वेल्डिंग, उघडी वायर काहीही नको. सिलिंडर बाहेर, सावलीत आणि साखळीने बांधलेला.

टप्पा ६: हवा बदलणे

वायू आठवणीने देणारे लोक हवा बदलायला विसरतात. बंद खोलीत केळीच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो १ टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचा परिणामच मंदावतो. मालाला रंग येता येता थांबतो, आणि मालक पुन्हा वायू देतो.

२४ तास झाले की दार पूर्ण उघडा, पंखा लावा, २० ते ३० मिनिटं हवा खेळू द्या. त्यानंतर दर १२ तासांनी तेच. पहिल्या वेळी दार उघडल्यावर लगेच आत शिरू नका, बाहेर उभे राहा. लहान मुलं आणि गडी माणसं थंडाव्यासाठी या खोलीत जाऊन बसतात किंवा झोपतात. ते पूर्ण बंद करा.

पुन्हा वायू द्यायची गरज सहसा पडत नाही. एकदा पिकवण चालू झाली की केळी स्वतःचं इथिलीन स्वतः करते.

टप्पा ७: रंग येईपर्यंत, आणि वेळेवर बाहेर

हवा बदलल्यावर काम फक्त तापमान हळूहळू उतरवण्याचं. तिसऱ्या दिवशी गर १७ च्या आसपास, चौथ्या दिवशी १६, माल काढायच्या दिवशी १४ ते १५. माल आतून उष्णता सोडत असल्यामुळे हवेचं तापमान गरापेक्षा थोडं कमी ठेवावं लागतं. मात्र १३ च्या खाली जाऊ देऊ नका. रंग दिसू लागला की आर्द्रता ८५ टक्क्यांवर आणा, नाहीतर साली फाटतात आणि बुडाला बुरशी धरते.

किरकोळ विक्रेत्याला माल द्यायचा तर निम्मा हिरवा, निम्मा पिवळा असताना बाहेर काढा. पूर्ण पिवळा होईपर्यंत थांबलात तर वाहतुकीत तो दबतो आणि हातगाडीवर दुसऱ्या दिवशी काळा पडतो. चार ते सहा दिवसांत हे सगळं होतं. ‘उद्याच पाहिजे’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा, किंवा आधी लावलेल्या खोलीतला माल द्या.

तपासा: रंग आला, पण आत काय? एक केळी आडवी कापा आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयोडीनचा थेंब गरावर टाका. निळा-काळा डाग म्हणजे पिष्ट अजून बरंच आहे. कच्च्या केळीत ते २० टक्क्यांच्या आसपास असतं, पूर्ण पिकलेल्यात एक-दोन टक्के उरतं. निम्म्या पिवळ्या मालात थोडा डाग दिसणारच. साल पूर्ण पिवळी असूनही सगळा काप काळा झाला तर कापणी कोवळी होती, आणि पुढच्या वेळी बागेतच सुधारणा करायची. आयोडीन लागलेली केळी फेकून द्या.

खोली नसेल तर

थंडीच्या दिवसांत हवा २५ अंशांच्या खाली असेल तर सावलीतल्या खोलीत किंवा चांगल्या बांधलेल्या प्लास्टिकच्या तंबूत इथेफॉनच्या पुडीने पिकवता येतं. क्रम तोच: थंड माल, २४ तास बंद, मग उघडा आणि हवा. एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग नको. आत पिठलं आणि बाहेर हिरवी साल हाच निकाल येईल. उन्हाळ्यात दुसऱ्याच्या शीत पिकवणगृहात भाड्याने माल ठेवणं परवडतं. परवडत नसेल तर हिरवा माल विका.

धुरी देण्याची जुनी रीतही सोडा. धुरात थोडं इथिलीन असतं म्हणून केळी पिकते, पण काजळी, कार्बन मोनॉक्साइड आणि उष्णता त्यासोबतच येतात, आणि प्रमाण कोणाच्याच हातात नसतं.

कार्बाइड: इथे कमी-जास्त असा प्रश्नच नाही

बाजारात ‘मसाला’ किंवा ‘पावडर’ म्हणून पुडी दिली जाते, ती बहुधा कॅल्शियम कार्बाइडची असते. ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि तो इथिलीनसारखं काम करतो. औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. हाताळणाऱ्याची कातडी आणि डोळे भाजतात. खाणाऱ्याला जळजळ, उलट्या, गिळायला त्रास, अशक्तपणा असे त्रास होऊ शकतात. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत कार्बाइडने पिकवलेली फळं विकण्यावर सरळ बंदी आहे. नुसत्या कार्बाइडच्या पुड्या क्रेटजवळ किंवा गोदामात सापडल्या तरी तो व्यावसायिकाविरुद्धचा परिस्थितीजन्य पुरावा धरला जाईल, असं एफएसएसएआयने बजावलं आहे. ‘वेल्डिंगसाठी आणली होती’ हे उत्तर तिथे उपयोगी पडणार नाही.

विकत घेताना: तीन खोट्या कसोट्या

फॉरवर्ड होणाऱ्या संदेशांमुळे प्रामाणिक विक्रेत्याचंही नुकसान होतं, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

‘साल पिवळी आणि देठ हिरवा म्हणजे कार्बाइड.’ चूक. पिवळी झाल्यावरही देठ आणि टोक काही काळ हिरवं राहणं हा पिकण्याचा नेहमीचा टप्पा आहे.

‘काळे ठिपके असले की नैसर्गिक.’ ठिपके केळी पूर्ण पिकल्याचे असतात. ती कशाने पिकवली, हे त्यावरून कळत नाही.

‘पाण्यात तरंगली की रसायन.’ यावरूनही काहीच सिद्ध होत नाही.

डोळ्यांनी ओळखता येतं ते एवढंच: क्रेटमध्ये कागदाच्या पुड्या, फण्यांच्या बेचक्यात पांढरट-करडी भुकटी, लसणासारखा उग्र वास. यातलं काही दिसलं तर घेऊ नका. साल एकसारखी पिवळी आणि गर टणक, बेचव असेल तर माल घाईत पिकवलेला आहे. कशाने, ते प्रयोगशाळाच सांगेल. तक्रार करायची तर फळ न धुता कागदात ठेवा, दुकानाचं ठिकाण आणि वेळ लिहा, जमल्यास पावती घ्या. एफएसएसएआयचा निःशुल्क क्रमांक १८००११२१०० आहे, शिवाय ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वरही तक्रार नोंदवता येते. राज्यात अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय हे काम बघतं.

घरी

1. आणल्यावर फणी दबणार नाही अशी टांगा किंवा बाक वर करून पसरट टोपलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की घाम येतो आणि बुरशी धरते.
2. हिरवी असेल तर एखाद्या पिकलेल्या केळीसोबत कागदी पिशवीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. गॅसच्या शेजारच्या ओट्यावर नको. तांदळाच्या डब्यात पिकते, पण डबा रोज उघडून बघा.
3. हिरवी केळी फ्रिजमध्ये घालू नका, तिचं पिकणं तिथेच अडतं. पूर्ण पिवळी झालेली घाला. साल काळी पडेल, पण गर दोन-तीन दिवस चांगला राहील.
4. खाण्याआधी सालीसकट धुवा आणि मग सोला. सालीवरचं हाताला लागतं आणि हातावरचं गराला. लहान मुलाला सोलून देताना हे हमखास विसरतं.
5. देठाशी पांढरी-करडी बुरशी, आंबूस वास किंवा पाणी सुटलेलं दिसलं तर तेवढा भाग कापून बाकीची खाऊ नका. फणीतली ती केळी टाकून द्या आणि शेजारच्या सोलून तपासा. नुसतेच काळे ठिपके आणि मऊ गर असेल तर शिकरण करा.